ताटलीतला उंदीर

चार किलो वजनाच्या मांजरीला दिवस काढायला साधारण आठ उंदीर लागतात. एका उंदरातून तिला सुमारे तीस कॅलरी मिळतात आणि तिची दिवसाची गरज दोनशे ते अडीचशेच्या घरात असते, म्हणून हा आकडा. आता त्या उंदरात काय असतं ते पाहा. सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. उरलेल्या कोरड्या भागात निम्म्याहून जास्त प्रथिनं, पाचवा ते चौथा हिस्सा चरबी, बारीक हाडांमधून कॅल्शियम, आणि पिष्ट म्हणावं तर नावापुरतं. पोळी नाही, भात नाही, साखर नाही, दूध नाही. मांजरीचं सगळं शरीर, दातांच्या धारेपासून यकृतातल्या रसायनापर्यंत, या एका जेवणाच्या मापाने घडलेलं आहे. आपली म्हातारी मांजर ओकू लागली, तिला पातळ होऊ लागलं, ती वाळत चालली, की तिला काय घालावं या प्रश्नाचं उत्तर या उंदरातच शोधावं लागतं.

उदाहरणाला कामरगाव घ्या, वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं गाव. सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटीचा हा मुलूख. जिथे घरात धान्याची पोती, गोठ्यात ढेप आणि कुटार, तिथे उंदीर आलेच. आणि उंदीर आले की मागोमाग मांजर आलीच. तिला कोणी विकत आणत नाही, ती येते आणि राहते. माणसाशी तिचा हा करार फार जुना आहे. सायप्रस बेटावर एका माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सापडले, त्याची माहिती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. ती दफनं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची. पश्चिम आशियात शेती नवी नवी सुरू झाली होती, धान्य साठू लागलं होतं आणि वाळवंटी प्रदेशातली रानमांजर कणगीपाशी येऊन बसली होती. तेव्हापासून कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर जगायला पुष्कळ शिकला. पिष्ट पचवण्याची ताकद त्याच्यात वाढली. मांजरीने मात्र आपलं पोट बदललं नाही. ती माणसाच्या घरात राहिली आणि जेवली उंदरांच्या पंगतीला.

आता एक साधी गोष्ट, जिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. खेड्यातल्या घरात मांजरीला दूध-पोळी मिळते, कधी वरण-भात, कधी रश्शात बुडवलेली भाकर. त्यावर ती दहा-दहा वर्षं ठणठणीत दिसते. म्हणून आपली समजूत होते की दूध-पोळी तिला मानवते. खरं म्हणजे दूध-पोळी हा तिचा वरचा खाऊ असतो. खरं जेवण ती रात्री वावरात, कुटाराच्या ढिगात, पत्र्याच्या आडोशाला करून येते: उंदीर, पाल, चिमणी, टोळ. मग ती म्हातारी होते. सुळे पडतात, सांधे आखडतात, कान मंदावतात, उडी चुकते. शिकार सुटते. आणि जी दूध-पोळी इतके दिवस तोंडी लावणं होती, तीच आता पूर्ण जेवण होऊन बसते.

याच वेळी घरातलं कोणी मायेनं म्हणतं, ‘‘म्हतारी झाली ते, पचत नाई तिले. आता हलकं दे, दूध-पोई नाई त वरन-भात.’’ म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हा सल्ला शंभर नंबरी. मांजरीच्या बाबतीत तो उलटा पडतो, कारण आपल्याला जे हलकं ते तिला जड आहे.

मांजर मुळात गोड चाखूच शकत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये याचं कारण दाखवून दिलं. गोडाची चव ओळखायला जिभेवर जो ग्राहक लागतो, त्याचा एक अर्धा भाग बनवणारं जनुक मांजरीत मोडकं आहे. त्याच अभ्यासात वाघ आणि चित्ताही तपासले गेले. त्यांचंही तेच. सारं मार्जारकुळच पेढ्याच्या चवीला मुकलेलं आहे, आणि त्याचं त्यांना काही अडलेलं नाही. पुढे तोंडात गेलं तरी पिष्टाचं स्वागत करायला कोणी नाही. आपल्या लाळेत पिष्ट फोडणारं द्रव्य असतं, मांजरीच्या लाळेत नसतं. स्वादुपिंडातून येतं तेही कुत्र्याच्या मानाने फार थोडं. आतडं आखूड. नीट शिजलेला थोडा भात ती पचवू शकते, हे खरं. पण तिच्या नाजूक झालेल्या पोटावर पोळीचा काला रोज ओतला, की न पचलेला भाग खालच्या आतड्यात जाऊन आंबतो आणि वायू धरतो.

दुधाचं तर विचारूच नका. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे, की दूध हे तिचं अन्न नाही हे सांगितलं तर लोक वाद घालतात. पिल्लू असताना तिच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं द्रव्य भरपूर असतं. आईचं दूध सुटलं की ते घटत जातं. मोठेपणी दूध आवडतं ते त्यातल्या चरबीसाठी आणि वासासाठी, पण साखर तशीच आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. सगळ्याच मांजरींना वाटीभर दुधाने त्रास होतो असं नाही. पण जिचं पोट आधीच हळवं झालं आहे, तिचं दूध आठवडाभर पूर्ण बंद करून पाहावं. कित्येक घरांत तेवढ्यानेच तिच्या शौचाचा मातीचा खोका कोरडा होतो.

याहून थक्क करणारी गोष्ट यकृतात आहे. आपण उपास केला किंवा नुसत्या भाजी-भाकरीवर राहिलो, तर आपलं यकृत प्रथिनं जाळण्याचा वेग कमी करतं, शरीर काटकसरीला लागतं. मांजरीच्या यकृताला ही काटकसर जवळपास येत नाही. तिची चूल कायम पेटलेली असते. बाहेरून लाकूड मिळालं नाही तर ती घराचेच वासे ओढून जाळते. हे वासे म्हणजे तिच्या पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू. प्रथिनं कमी पडलेल्या म्हाताऱ्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवा, मणके एकेक करून बोटाला लागतात.

या चुलीचा नेमका हिशेब कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात क्विंटन रॉजर्स आणि जेम्स मॉरिस यांनी मांडला. प्रथिनं जळली की अमोनिया हे विष तयार होतं, आणि ते निकामी करायला आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. आपलं शरीर ते गरजेपुरतं बनवून घेतं. मांजरीचं बनवू शकत नाही. 1978 मध्ये त्यांनी दाखवलं की आर्जिनिन वगळलेलं एकच जेवण दिलं, तरी काही तासांत मांजरी अमोनियाच्या विषबाधेने आजारी पडतात. एका जेवणातून एकच घटक गाळला, एवढंच. निसर्गात तिला ते बनवण्याची सोय कधी लागलीच नाही, कारण मांसात आर्जिनिन असतंच.

टॉरिनची कथाही तशीच. टॉरिन मांसात असतं, धान्यात नसतं. 1975 मध्ये के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की टॉरिनविना वाढवलेल्या मांजरींच्या डोळ्यांचा पडदा झिजतो. त्या मांजरींना प्रथिनं भरपूर दिली होती, पण ती केसीनची, म्हणजे दुधातली. मग 1987 मध्ये डेव्हिसच्याच पॉल पायन यांनी त्याहून मोठा धक्का दिला. हृदय ताणून सैल पडल्याने मरणाऱ्या कितीतरी मांजरींच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि त्या बाजारातलं तयार मांजरखाद्य खात होत्या. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारू लागली. त्यानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार विरळ झाला. अ जीवनसत्त्वही तिला गाजर-भोपळ्यातून तयार करता येत नाही, ते प्राण्यांच्या अंगात तयार झालेलंच लागतं. शाकाहारी घरात मांजर पाळू नये असं मी म्हणणार नाही, पण तिला शाकाहारी करू नये, हे मात्र ठाम सांगेन.

आता म्हातारपणाकडे येऊ. वयाच्या दहाव्या वर्षापासून मांजर वयस्क धरतात. पंधरा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरी उलटलेली. माणूस म्हातारा झाला की त्याची भाकरी अर्ध्यावर येते, कुत्र्याचंही तसंच. मांजरीची गरज मध्यम वयात जरा उतरते आणि अकरा-बारा वर्षांनंतर पुन्हा वर चढते. कारण पचन गळतं. बारा वर्षांपुढच्या साधारण तीन मांजरींपैकी एकीला चरबी नीट पचत नाही, आणि चौदा वर्षांपुढच्या पाचांपैकी एकीला प्रथिनं नीट पचत नाहीत, असं अभ्यासात दिसलं आहे. खाल्लेल्यातलं पुष्कळसं वायाच जातं. म्हणजे ज्या वयात आपण तिचं ताट हलकं करतो, त्याच वयात तिला ते अधिक कसदार हवं असतं: प्रथिनं जास्त आणि उत्तम दर्जाची, सहज पचणारी, आणि थोडी थोडी करून. मांजर नैसर्गिकपणे दिवसरात्रीत अनेकदा लहान घास खाणारा प्राणी आहे. दोन वेळा वाडगंभर घालण्यापेक्षा पाच-सहा वेळा दोन-दोन चमचे घातलं, तर हळव्या पोटाला ते कितीतरी सोसतं.

पोट आज बिघडलं असेल तर तात्पुरतं जेवण घरी करता येतं. कोंबडीच्या तंगडीचं मांस घ्यावं. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात टॉरिन बरंच जास्त असतं. कातडी आणि दिसणारी चरबी काढून टाकावी. थोड्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावं. मीठ नाही, हळद नाही, तिखट नाही, फोडणी नाही. निवलं की बोटांनी धागे सोडवावेत, हाडाची बारीकशी कपचीसुद्धा राहू देऊ नये. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. मग ते धागे सुरीने पुन्हा आडवे चिरावेत, कारण मांजरीचा जबडा आडवा हलत नाही. तिला रवंथ काय, नीट चावताही येत नाही. ती कात्रीसारख्या दाढांनी तुकडा पाडते आणि गिळते, आणि म्हातारपणी त्या दाढाही किडलेल्या किंवा गळालेल्या असतात. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी त्या खिम्यातच घालून सैलसर करावं.

आणि ताटली कोमट असावी. मांजर चवीपेक्षा वासावर जेवते, आणि म्हातारपणी नाकही मंद होतं. फ्रीजमधलं गार मांस तिच्यापुढे ठेवलं तर त्याला वासच येत नाही. ती हुंगते आणि निघून जाते. आपल्याला वाटतं, हिची भूक मेली. तेच मांस सदतीस अंशांच्या आसपास, म्हणजे नुकत्याच मारलेल्या उंदराच्या अंगाइतकं गरम करून दिलं, तर म्हाताऱ्या मांजरी ते अधिक आवडीने खातात हे तपासून पाहिलेलं आहे.

कांदा आणि लसूण तिच्या ताटलीत कधीच जाऊ नयेत, शिजलेला नाही, रश्शातलाही नाही. वऱ्हाडी मटणाचा रस्सा कांदा-लसणाच्या वाटणावर उभा असतो, आणि उरलेला रस्सा मांजरीला घालण्याची आपल्याकडे रीतच आहे. कांद्यातली गंधकाची संयुगं रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या विशिष्ट जागांवर मारा करतात. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा जागा दोन, कुत्र्याच्या चार, मांजरीच्या आठ. तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, मांजर धापा टाकू लागते.

नुसतं कोंबडीचं मांस हे मात्र चार-सहा दिवसांचंच जेवण. त्यात कॅल्शियम जवळपास नसतं. उंदीर हाडांसकट खाल्ला जातो, हे विसरून चालत नाही. रोज काळीजही घालू नये. अ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेचे मणके आखडतात. सुकट-बोंबिलात मीठ फार. कच्च्या माशाने ब-1 जीवनसत्त्व नासतं. कायमचं खाणं म्हणून मांजरीचं तयार ओलं खाद्य, म्हणजे पाऊच किंवा डबा, हेच माझ्या मते म्हाताऱ्या हळव्या पोटाला सर्वांत सोयीचं. कारंजा-अकोल्याच्या दुकानांत ते मिळतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ते ‘कम्प्लीट’ आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’ ते वाचावं. पहिलं पूर्ण जेवण, दुसरं वरचा खाऊ. पहिल्या दोन-तीन घटकांत प्राण्याचं मांस हवं. कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून मांजरीला घालू नये, ते तिच्या टॉरिनच्या हिशेबाने बनवलेलंच नसतं. कोरडे दाणे पूर्ण बंद करा असं नाही, पण त्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास आणि ओल्या खाद्यात पंचाहत्तर ते ऐंशी टक्के.

हा पाण्याचा फरक कामरगावात जिवावरचा आहे. मे महिन्यात इथला पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. मांजरीचे पूर्वज वाळवंटातले. उंदराच्या अंगातल्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, ही त्यांची रीत. म्हणून तिला तहानच कमी लागते. कोरड्या खाण्याने येणारी तूट ती पाणी पिऊन पूर्ण भरून काढत नाही. तरुणपणी मूत्रपिंडं हे सोसतात. म्हातारपणी त्यांचीच शक्ती गेलेली असते. मग शौचाला खडा होतो, भूक जाते, ओकारी येते, आणि आपण पोटाला दोष देत बसतो. खाण्याच्या जागेपासून लांब, सावलीत, दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी ठेवावं आणि ताटलीत दोन चमचे कोमट पाणी कालवावं.

नवं खाणं एकदम घालू नये. पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवसांत पूर्ण बदलावं. तरीही पातळ होत राहिलं तर एका विशिष्ट मांसाचीच तिला बाधा होत असू शकते. अशा वेळी तिने आयुष्यात न खाल्लेलं एकच मांस, उदाहरणार्थ बोकडाचं किंवा बदकाचं, काही आठवडे देऊन पाहतात. पोटाचा त्रास त्यामुळे असेल तर दोन ते चार आठवड्यांत उतार दिसतो. या काळात पोळीचा तुकडाही मध्ये जाता कामा नये, नाहीतर परीक्षा वाया. खडा होत असेल तर उकडून कुस्करलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर लगदा किंवा डॉक्टरांना विचारून चिमूटभर इसबगोल उपयोगी पडतं.

दोन समजुती मोडायलाच हव्यात. एक, ‘उपास पडला की पोट साफ होईल’. मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही, विशेषतः ती गुबगुबीत असेल, तर अंगातली चरबी यकृतात येऊन साठते आणि यकृत बंद पडू लागतं. चोवीस तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टर गाठायचा. दुसरी, घरातली गोळी अर्धी करून देणं. पॅरासिटामॉल निकामी करणारं जे द्रव्य आपल्या यकृतात असतं, त्याचं जनुकही मांजरीत मोडकं आहे. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकते.

आणि ‘वय झालं म्हणून वाळली’ हे निदान नव्हे. म्हाताऱ्या मांजरीच्या सततच्या ओकारीमागे, जुलाबामागे मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइडचं वाढलेलं काम, मधुमेह, आतड्याची सूज, कधी आतड्याचा कर्करोग, कधी नुसते जंत असतात. आतडं बिघडलं की ब-12 जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि ते वेगळं दिल्याशिवाय कितीही चांगलं खाणं अंगी लागत नाही. मूत्रपिंडं बिघडली असतील तर फॉस्फरस कमी असलेलं खाणं निवडावं लागतं. म्हणून महिना-महिना खाणं बदलत बसण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावं. गावचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी-बकऱ्यांच्या कामात असतो, पण शौचाचा नमुना तपासून जंताचं औषध तिथे विचारता येतं. पुढच्या तपासणीला अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची ती संस्था. जाताना गेल्या आठवड्यात तिने काय खाल्लं, किती वेळा ओकली, शौच कसं झालं, हे कागदावर लिहून न्यावं.

हे सगळं जमेल तेव्हा जमेल, वजन मात्र आजच करा. मांजरीला कापडी पिशवीत बसवून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, पिशवीचं वजन वजा करा आणि आकडा घरातल्या कॅलेंडरवर लिहा. दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा करा. चार किलोच्या मांजरीचे दोनशे ग्रॅम घटले तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तो तिच्या अंगाचा विसावा भाग गेलेला असतो, आणि डॉक्टरांकडे जायला तेवढं कारण पुरेसं आहे.